साक्षीदाराला अटक

न्हावा शेव्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचा आवाज सहसा ऐकू येत नाही. यात गाडीचं काही कौतुक नाही. वीस फुटी मापाने मोजले तर वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर हलवणारं बंदर ज्याच्या दाराशी आहे, त्याच्या डावीकडे ट्रेलर असतो, उजवीकडे ट्रेलर असतो, पुढे रिव्हर्स घेणारा ट्रेलर असतो आणि मागे नुसता हॉर्न असतो. पळस्पे फाट्यापासून करळ फाट्यापर्यंत एखादं चाक गळा काढून रडत आलं, तरी ऐकणार कोण? प्रत्येक खड्ड्यात डिकीतला जॅक वाजतो, दारातली पाण्याची बाटली वाजते, आरशाला टांगलेला गणपती काचेवर वाजतो, आणि शेजारच्या सीटवरून "जरा हळू!" येतं ते वेगळंच.

मग १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूचं उद्घाटन झालं. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साधारण साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. मुंबई किती मिनिटांवर आली याची गणितं सगळ्यांनी छापली. पुलाने आणखी एक काम केलं, त्याची बातमी मात्र कुठे आली नाही. पनवेल-उरण पट्ट्यातल्या कित्येक गाड्यांची चाकं काय बोलतात, ते त्यांच्या मालकांना पहिल्यांदाच ऐकू आलं. नव्याकोऱ्या पुलावर तेव्हा खड्डा नव्हता, आणि सिग्नल नाही, रिक्षा नाही, दुचाकी नाही. चिर्ल्याहून वर चढायचं, काचा बंद करायच्या, वेग साठच्या पुढे गेला की खालून कुठूनतरी 'घूंऽऽ' असा सूर लागतो आणि गाडीतल्या गाडीत वैद्यकीय मंडळ बसतं.

घरधनी म्हणतात, टायरचा आवाज आहे, नवे टायर आहेत, झिजले की जाईल. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, वारा आहे. आजींच्या मते समुद्र गाजतोय. आणि ज्याने वीस वर्षांपूर्वी मेकॅनिकलचा डिप्लोमा अर्धवट सोडलाय असा एक मामा प्रत्येक कुटुंबात असतो, तो डोळे मिटून ऐकतो आणि "गिअरबॉक्स" एवढंच बोलून सगळ्यांची झोप उडवतो. पुलावर गाडी थांबवायला मनाई असल्यामुळे ही चर्चा थेट शिवडीपर्यंत चालते. भरीला कायद्याने बसवलेला वेगाचा बझर. जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांत तो ८० ला बोलू लागतो, आणि सेतूवर कारला मुभा आहे १०० ची. म्हणजे नियमात राहून पूल ओलांडणाऱ्यालाही गाडी वाटभर टोकत राहते. उद्घाटनाच्या वेळी ठरलेला एका फेरीचा टोल २५० रुपये. कुठलाही मेकॅनिक नुसता आवाज ऐकायचे इतके पैसे घेत नाही, पण इतकी शांतताही त्याच्याकडे नसते.

मामांना बाजूला ठेवून खरी तपासणी करायची तर तीही पुलावरच होते. हा पूल सरळसोट नाही, त्याला लांबलचक बाक आहेत. वळण डावीकडे असलं की गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. उजव्या चाकाचं बेरिंग गेलं असेल तर तिथे सूर चढतो आणि वळण उलटं आलं की उतरतो. टायरचा आवाज असा बाजू बदलत नाही, तो रस्त्याचा पोत बदलला की बदलतो. आणि समुद्राच्या आवाजाला तुमचं स्टिअरिंग कुठे वळलंय याच्याशी काहीच देणंघेणं नसतं. आजींना हे सांगायला मात्र जाऊ नये.

बेरिंग ही गाडीतली सर्वांत उपेक्षित वस्तू. गाडी विकत घेताना कुणी त्याची चौकशी करत नाही. सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची, सीट गार होते का, हे सगळं विचारून होतं. चार चाकं कशावर फिरणार, हे शोरूममध्ये आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आतल्या-बाहेरच्या दोन पोलादी कड्या, मधे छर्रे, थोडं ग्रीस आणि दोन्ही बाजूंना सील, एवढाच त्याचा संसार. वेल्समधल्या फिलिप व्हॉनने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी छर्‍यांच्या बेरिंगचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कामात फारसा बदल नाही: वरचं वजन पेलायचं, खालचं फिरू द्यायचं आणि गप्प बसायचं.

पुढचा मोठा गृहस्थ म्हणजे स्वीडनचा स्वेन विंगक्विस्ट. गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत तो यंत्रांची देखभाल करायचा. गिरणीखालची जमीन चिकणमातीची, ती हळूहळू खचायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेरिंग जायची. वैतागून त्याने वाकड्या शाफ्टलाही सांभाळून घेणारं बेरिंग केलं आणि १९०७ मध्ये 'एसकेएफ' ही कंपनी निघाली. पुढे तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आला. विंगक्विस्टला गोथेनबर्गची माती पुरली. इथे खाडीतल्या चिखलावर भराव टाकून २६ मे १९८९ ला अख्खं बंदर उभं राहिलं आणि त्या भरावावरून चाळीस-चाळीस टनी ट्रेलर धावू लागले. तो गृहस्थ शेव्याला नोकरीला असता तर आणखी दोन-चार पेटंटं नक्की निघाली असती.

आमच्या पिढीच्या मनात बेरिंगची जागा वेगळी आहे. फळकुटाला तीन जुनी बेरिंगं ठोकून केलेली 'बेरिंगची गाडी' ज्याने उतारावरून सोडली नाही, त्याच्या बालपणाचा दाखला तपासून घ्यायला हवा. त्यासाठी गॅरेजवाल्याच्या दाराशी ताटकळत उभं राहावं लागे: "काका, गेलेलं बेरिंग आहे का?" गेलेल्या बेरिंगला तेव्हा भाव होता. ती गाडी गल्लीत आली की सगळा वाडा जागा व्हायचा, पण त्या आवाजाबद्दल कुणी 'समुद्र गाजतोय' म्हटलं नाही.

आता त्या गरीब बेरिंगच्या गळ्यात कंपन्यांनी आणखी एक काम बांधलं आहे, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. बऱ्याच नव्या गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पातळ चकती असते. तिच्यावर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशा चाळीस-पन्नास जोड्या गोलाकार मांडलेल्या असतात. तिच्यासमोर, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर, एक सेन्सर डोळे लावून बसतो. चाक फिरलं की खुणा त्याच्यासमोरून सरकतात, तो ठोके मोजतो आणि तारेवरून कंप्युटरला कळवतो. लहान गाडी ऐंशीच्या वेगाने जात असली तर चाक सेकंदाला बाराएक वेळा फिरतं, म्हणजे सेन्सरला सेकंदाला पाचशेच्या वर ठोके मोजावे लागतात. चिर्ल्यापासून शिवडीपर्यंत चाकाचे फेरे होतात जवळपास १२,०००. प्रत्येक फेऱ्याची नोंद, चारही चाकांची, न चुकता. आपल्या कुठल्या कचेरीत इतकी हजेरी लागत असेल तर कळवा.

या हजेरीपुस्तकावर गाडीची सगळी अक्कल चालते. ब्रेक करकचून दाबल्यावर एखाद्या चाकाचे ठोके बाकीच्यांच्या आधीच बंद पडले, की कंप्युटर समजतो, चाक जाम होऊन घसरतंय. मग तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो-दाबतो, सोडतो-दाबतो, तेही तुमचं "अरे देवा" म्हणून होण्याआधी अनेकदा. हे एबीएस. बॉशने ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आणलं, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीचं झालं. त्याच्या पुढची पायरी ईएससी. स्टिअरिंगवरून त्याला कळतं की तुम्हाला जायचंय कुठे, चाकांवरून आणि दुसऱ्या एका सेन्सरवरून कळतं की गाडी निघालीय कुठे. दोन्हींत तफावत दिसली की ते एकेका चाकाचा ब्रेक दाबून गाडीला वाटेवर आणतं.

ईएससीला खरी प्रसिद्धी मिळाली १९९७ मध्ये. एका स्वीडिश मोटार-मासिकाने मर्सिडीजच्या नव्याकोऱ्या 'ए-क्लास'ची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर, आडवं आलं तर गाडी झटकन बाजूला जाऊन परत येते का, अशी ती परीक्षा. गाडी गेली बाजूला आणि उलटी झाली. कंपनीने गाड्या द्यायच्या थांबवल्या आणि मग सगळ्या ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवली. आमच्याकडे एल्क नाही. आमच्याकडे जासईजवळ मागचे दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर, त्याच्या आडून निघालेली म्हैस आणि म्हशीला चुकवणारा उलट्या दिशेचा डंपर अशी तिहेरी परीक्षा असते, तीही रोज, आणि निकाल कुठल्याही मासिकात छापून येत नाही. तेव्हा ही यंत्रणा इथे चालू असणं स्वीडनपेक्षा जरुरीचं आहे.

आणि नेमकं इथेच बेरिंग लवकर जातं. कारणांचा तुटवडा नाही. खड्ड्यात आदळलं की छर्‍यांचे ठसे कडीवर उमटतात. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, त्यात चाकाच्या मधोमध असलेला गरम हब बुडाला की सीलमधून पाणी आत शिरतं आणि ग्रीसची चटणी होते. खाडीचा खारा वारा सेन्सरच्या तारेला आणि जोडाला खातो. शिवाय प्रेसवर बसवायचं बेरिंग हातोड्याने ठोकणारे महाभाग आहेतच. त्यांच्या हातून नवं बेरिंग निघतं ते गाडीत बसण्याआधीच वार्धक्य घेऊन.

बेरिंग झिजलं की चाकात 'प्ले' येतो, म्हणजे चाक किंचित डगडगतं. हे किंचित म्हणजे मिलिमीटरचा काही भाग. पण सेन्सर आणि चकती यांच्यातलं सगळं अंतरच मिलिमीटरभर! चाक एका बाजूला कललं की चकती लांब जाते, ठोके पुसट होतात. दुसऱ्या बाजूला कललं की ती सेन्सरला घासते. झिजलेल्या पोलादाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि खुणा आणखी बुजतात. डगडगणारी डिस्क ब्रेकच्या पॅडना मागे ढकलते ते निराळंच, मग पहिल्या दाबात पेडल खोल जातं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरांत, जिथे चकतीऐवजी दात्यांची कडी असते, तिथे तर वेग कमी झाला की सिग्नल आपोआपच क्षीण होतो. त्यात अंतर वाढलेलं असेल तर अगदी थांबताना, शेवटच्या दोन-तीन मीटरांत ठोके गायब होतात. कंप्युटरला वाटतं चाक जाम झालं. तो इमानेइतबारे ब्रेक सोडतो. कोरड्या रस्त्यावर, चालण्याच्या वेगाला, गव्हाण फाट्याच्या गर्दीत तुमच्या पायाखाली पेडल टकटकटक नाचतं आणि गाडी थांबायच्या जागेपासून हातभर पुढे जाते. समोरच्या ट्रेलरचा मागचा बंपर त्या वेळी बरोबर हातभरच लांब असतो.

गोंधळ वाढला की मग कंप्युटर एक असं काम करतो, जे मी कुठल्याही जबाबदार पदावरच्या व्यक्तीला करताना पाहिलेलं नाही. आपल्याला मिळणारी माहिती विश्वासाची नाही हे कळताच तो राजीनामा देतो. स्वतःला बंद करतो आणि तसा दिवा लावतो. आधी पिवळा 'एबीएस'. ईएससी त्याच माहितीवर जगतं म्हणून घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा दुसरा पिवळा. चढावर गाडी धरून ठेवणारं हिल होल्ड रजा टाकतं. क्रूझ कंट्रोल नाही म्हणतं. काही गाड्यांत चाकाच्या वेगावरूनच टायरची हवा ओळखतात, तेही बंद. समोरची गाडी पाहून स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा असलीच तर तीही सहानुभूतीने संपावर जाते. एका चाकाच्या एका बेरिंगमुळे डॅशबोर्डावर गणपतीची आरास होते.

हे दिवे पाहून आपला गाडीमालक काय करतो? माहितीपुस्तिका उघडत नाही, कारण ती प्लास्टिकच्या पिशवीतून काढली तर गाडी जुनी होईल. तो इंजिन बंद करून पुन्हा चालू करतो. दिवा विझला तर "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता." विझला नाही तर गाडी वापरत राहतो, कारण साधा ब्रेक लागतोच आहे. हे खरंही आहे, नुसता पिवळा दिवा असेल तर नेहमीचा ब्रेक शाबूत असतो. मालकाच्या डोक्यातून मात्र 'नेहमीचा' हा शब्द लगेच गळून पडतो. बंपरला दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची बांधणाऱ्या माणसाच्या डॅशबोर्डावर सहा-सहा महिने पिवळा दिवा जळत असतो. संरक्षण खात्यातले दोन विभाग, एकाला बजेट आहे, दुसऱ्याला नाही.

शेवटी घरच्यांना दिव्याचा त्रास होतो म्हणून गाडी गॅरेजला जाते. द्रोणागिरीतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांची गेली होती. कळंबोलीच्या बाजूचं गॅरेज. तिथे एक स्कॅनरवाला मुलगा आणि एक उस्ताद. मुलाने स्कॅनर लावला, दोन मिनिटांत निकाल दिला: "काका, पुढचं डावं चाक. सेन्सर गेला." काकांनी विचारलं, "नक्की?" मुलाने पडदा फिरवून दाखवला. पडद्यावर लिहिलंय म्हटल्यावर काकांची हरकत नव्हती. त्यांची उभी हयात कागदावर लिहिलेलं मानण्यात गेली होती.

नवा सेन्सर आला. स्कॅनरने कोड उडवला. दिवा विझला. काका पेढे घेऊन निघाले आणि करळ फाट्याच्या उड्डाणपुलावर आरास पुन्हा लागली.

माझा स्कॅनरवर राग नाही. तो खोटं बोलला नव्हता. कंप्युटरला कान नाहीत. 'घूंऽऽ' त्याला ऐकू येत नाही, डगडग त्याला जाणवत नाही. त्याला फक्त ठोके मोजता येतात, आणि ठोके चुकीचे आले की ते ज्याच्याकडून आले त्याचं नाव तो लिहितो. चोरी झाल्याचं येऊन सांगणारा साक्षीदार पकडला जातो आणि चोर हबमध्ये बसून गुणगुणत राहतो. सेन्सर खरोखर खराब होतच नाही असं नव्हे. तारा तुटतात, उंदीर कुरतडतात. पण ज्या चाकाचा सेन्सर 'गेला' तेच चाक साठच्या पुढे गातही असेल, तर चौकशी कुठून सुरू करावी हे कळायला स्कॅनर लागत नाही.

उस्तादला तो लागला नाही. दुसऱ्या खेपेला काकांची गाडी आली तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला, चाक जॅकवर घेतलं, वर एक हात आणि खाली एक हात धरून चाक आत-बाहेर हलवलं. 'खट' वाजलं. मग एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंगमध्ये खरखर येत होती. "काका, तुमचा सेन्सर ठणठणीत होता. बेरिंग संपलंय." काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा स्कॅनरच्या वायरची गुंडाळी करण्यात गढून गेला होता.

या रस्त्यावरच्या ट्रेलरचालकांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. चहाला थांबले की त्यांच्यातले जुने लोक उतरताना ट्रेलरभोवती एक चक्कर मारतात आणि प्रत्येक हबजवळ उलटा हात नेतात. बाकीच्यांपेक्षा एक हब जास्त तापलेला लागला की चहा अर्धा राहतो. आपण गाडीभोवती चक्कर मारतो ती कुणी घासून गेलंय का, हे बघायला.

काकांची कथा इथे संपायला हवी होती, पण बेरिंग बसवायला उस्ताद त्या दिवशी नव्हता. दुसऱ्याच कारागिराने जुनं काढलं आणि नवं प्रेस मारून बसवलं. गाडी गप्प झाली. सूर नाही, प्ले नाही, चाक लोण्यासारखं फिरतंय. आणि दिवा? दिवा चालूच! आता तर ठोके अजिबातच येत नव्हते. चुंबकाची चकती बेरिंगच्या एकाच बाजूला असते आणि दोन्ही बाजू वरवर पाहता जवळपास सारख्याच दिसतात. बेरिंग उलटं बसलं तर चकती सेन्सरकडे पाठ करून बाहेर बघत बसते. चाकाला काही फरक पडत नाही, ते दोन्ही प्रकारे फिरतं. सेन्सर मात्र कोऱ्या पोलादाकडे टक लावून राहतो. "काढून सुलटं बसवा की," काका म्हणाले. तिथेच तर गोम आहे. प्रेसने बसवलेलं बेरिंग पुन्हा दाबून काढताना सगळा जोर छर्‍यांमधून जातो, कडीवर ठसे उमटतात आणि नवंकोरं बेरिंग बहुधा कामातून जातं. वापरून पाहायचं तर पुन्हा थोड्याच दिवसांत समुद्र गाजू लागणार.

त्याच गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाने तिसरा मार्ग सुचवला: "शेठ, दिव्यावर काळी टेप लावा, मी लावलीय." अशी टेप लावलेल्या गाड्या या भागात कमी नसाव्यात. दिवा दिसत नाही, मनःशांती लाभते, आणि गाडी विकताना टेप काढायची की ठेवायची एवढाच प्रश्न उरतो. सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा म्हणूनच एक बघा. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एबीएसचा दिवा लागलाच नाही तर ती गाडी निरोगी आहे असं समजू नका. तिचं तोंड दाबलेलं आहे.

आणि तुमच्याच गाडीत तो लागला, तर सेन्सर मागवण्याआधी मेकॅनिकला चाक उचलून हलवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बिघडलेली असू शकते. मग गाडी चालवत नेऊच नका, टोइंगवाल्याला फोन करा. बेरिंगच गेलेलं निघालं, तर चुंबकाची बाजू सेन्सरकडे आहे ना, हे प्रेस मारायच्या आधी विचारा. नंतर विचारलं तरी उत्तर मिळतं, पण त्यासोबत दुसऱ्या बेरिंगचं बिलही मिळतं.